लाइनमनच्या जुन्या टेलिफोनची घरगुती दुरुस्ती

अमेरिकेंतील बेल सिस्टिम १९८४ सालीं विभागली गेली. त्यापूर्वीं अनेक दशकें तिच्या तारा सांभाळणाऱ्या लाइनमनच्या कमरेस एक जाडजूड टेलिफोन लटकलेला असे. एका टोंकास ऐकण्याचा भाग, दुसऱ्या टोंकास बोलण्याचा, पाठीवर आंकड्यांची तबकडी आणि दोरीच्या शेवटीं दोन दांतेरी चिमटे, अशी त्याची ठेवण असे. हे चिमटे तारांच्या जोडीस लावले कीं ती जोडी चालू आहे कीं बंद, याचा तत्काळ उलगडा होई. चालू तारेंत मध्येंच शिरणारें म्हणून इंग्रजींत त्यास 'बट-सेट' हें नांव पडलें. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या हातीं असें जुनें यंत्र येईल, त्यांस तें घरीं दुरुस्त करणें अशक्य नाहीं.

या यंत्रास 'टॉक' व 'मॉनिटर' अशा दोन अवस्था असतात आणि दुरुस्तीचें सारें मर्म त्यांतच आहे. 'टॉक'मध्यें तारेंतील एकदिश प्रवाह यंत्रांतून वाहतो आणि टेलिफोन उचलला गेला असें एक्सचेंज समजतें. 'मॉनिटर'मध्यें मार्गांत एक कंडेन्सर उभा असतो. तो एकदिश प्रवाह अडवितो, पण शब्दांच्या लहरी जाऊं देतो. त्यामुळें त्या तारेवर कोणी डॉक्टरांस मुलाचा ताप सांगत असेल, तर लाइनमननें प्रथम 'मॉनिटर' लावून तार मोकळी नाहीं हें जाणावें व मागें सरावें, अशी ही योजना होती. प्रारंभींच 'टॉक' लावल्यास बोलणाऱ्याचा आवाज क्षीण होई आणि कानांत खटके उडत. म्हणून केवळ बोलूं लागलेलें यंत्र अर्धेंच दुरुस्त झालें असें समजावें.

यंत्र तारेस जोडलेलें असतांना तें कधींहि उघडूं नये. अमेरिकेंतील शांत तारेवर सुमारें ४८ व्होल्टचा दाब असतो. घंटी वाजतांना त्यावर सुमारें ९० व्होल्टचा, सेकंदास २० आवर्तनांचा प्रत्यावर्ती दाब चढतो. तो हातास चांगलाच झटका देतो.

प्रारंभ दोरीपासून करावा. ती यंत्रांत शिरते तेथें व चिमट्यांजवळ वारंवार वांकून आंतील तार तुटते, परंतु वरील रबर अखंड दिसतें. प्रत्येक तारेस मल्टिमीटर लावून दोरी हळूहळू वांकवावी. जेथें कांटा थरथरेल तेथें दोष आहे. तुटका भाग कापून उरलेल्या तारेस नवा डाख द्यावा. मग बटणाचे संपर्क स्वच्छ करावे. त्यांस कांचकागदानें घांसूं नये. स्पिरिटांत भिजविलेली कागदाची पट्टी त्यांमधून ओढणें पुरेसें होतें.

बोलण्याच्या भागांत कोळशाचे बारीक कण असतात. ध्वनीच्या दाबानें त्यांचा विद्युत्-रोध बदलतो व प्रवाहांत शब्दांच्या लहरी उमटतात. वर्षानुवर्षें पडून राहिल्यानें हे कण एकमेकांस चिकटतात. तो भाग तळहातावर हलकेच आपटावा व मल्टिमीटर लावून त्यापुढें बोलावें. कांटा हालला तर कण मोकळे झाले. स्थिर राहिला तर तो भाग बदलावा.

तबकडीवर शून्य फिरवून सोडल्यास १० ठोके होतात व ते सुमारें एका सेकंदांत संपले पाहिजेत. गति मंद असेल तर एक्सचेंज आंकडे चुकीचे मोजतें. गतिनियामकाच्या आंसास सुईच्या टोंकावरील तेलाचा थेंब द्यावा. संपर्कांस तेल लागूं देऊं नये.

आतां कंडेन्सर. यंत्र 'मॉनिटर'वर ठेवून कांट्याचा मल्टिमीटर चिमट्यांस लावावा. कांटा क्षणभर उसळून पुन्हां अनंतावर परतला तर कंडेन्सर शाबूत आहे. मध्येंच रेंगाळला तर जुन्या कागदी कंडेन्सरांत ओल शिरली आहे. त्याच्या जागीं तेवढ्याच धारकतेचा व किमान २५० व्होल्ट सोसणारा नवा घालावा.

परीक्षेकरितां सार्वजनिक तारेची गरज नाहीं. हें यंत्र, दुसरा एक जुना टेलिफोन आणि ९ व्होल्टची बॅटरी एकामागून एक अशीं वर्तुळांत जोडावीं. दोन खोल्यांत दोघे बोलूं लागले कीं 'टॉक'ची परीक्षा झाली. मग लाइनमनचें यंत्र 'मॉनिटर'वर आणावें व प्रवाह मोजावा. तो शून्यावर आला पाहिजे.

मुकाट्यानें ऐकण्याची ही सोय जशी सभ्यतेची, तशीच मोहाचीहि. अमेरिकेच्या १९३४ सालच्या दळणवळण कायद्यानें दुसऱ्याचें संभाषण चोरून ऐकून उघड करण्यास बंदी घातली. लाइनमनला ऐकावयाचें असे तें केवळ इतकेंच, कीं तारेवर कोणी आहे किंवा नाहीं. काय बोलत आहे, हें ऐकण्याचें त्यास कारण नसे. दुरुस्त केलेलें यंत्र ज्याच्या कपाटांत असेल, त्यानेंहि तीच मर्यादा पाळावी.