दिवाळं त्यांचं, गटार आपलं

(वस्तीतल्या तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



मी मॅट्रिक आहे. गोदीत कंत्राटी हमाली करतो, कविता लिहितो. अर्थशास्त्राचा प्राध्यापक इथं बसलेला नाही हे बरंच झालं. असता तर त्यानं मंदीचे आकडे फळ्यावर काढले असते आणि आपण घरी जाऊन झोपलो असतो. मंदी म्हणजे काय ते आम्हाला फळ्यावरून कळत नाही. जहाजं कमी लागली की मुकादम टोळीतली माणसं कमी करतो, तेव्हा कळतं. आज हजेरीला चौदा, उद्या नऊ. उरलेले पाच कुठं गेले हे कुठल्या पेपरात येत नाही.

आज मी तुम्हाला अमेरिकेतली गोष्ट सांगणार आहे. म्हणाल, इथं नळाला पाणी नाही आणि हा अमेरिका सांगतो. सांगतो, कारण १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली तेव्हा नाव तिकडूनच आलं. ऑकलंडच्या काळ्या पोरांनी १९६६ साली ब्लॅक पँथर काढली होती. आपण त्यांचं नाव घेतलं, त्यांचा राग घेतला. पण त्यांच्या गटाराचं, दवाखान्याचं, पेपराचं पुढं काय झालं हे कधी विचारलं नाही. राग घ्यायचा तर हिशेबही घ्यायला पायजे.

अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम नावाचं शहर आहे. लोखंडाचं, पोलादाचं शहर. १९६३ साली तिथं काळ्या शाळकरी पोरांवर पोलिसांनी कुत्री सोडली, बंबाच्या पाण्याचे फवारे मारले. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार काळ्या मुली मेल्या. हे शहर ज्या जिल्ह्यात येतं त्याचं नाव जेफरसन काउंटी. काउंटी म्हणजे आपल्याकडची जिल्हा परिषद समजा. तुरुंग, रस्ते, कोर्टकचेरी, गरिबांचं हॉस्पिटल आणि मैलापाण्याचं गटार, हे सगळं तिच्याकडं. पाच जणांचं कमिशन कारभार बघतं. २०१० च्या शिरगणतीत वस्ती साडेसहा लाखांच्या वर. बर्मिंगहॅम शहरात चारातले जवळपास तीन काळे.

आता गटार. काउंटीचं मैलापाणी नद्यांत जात होतं. खटला झाला आणि १९९६ साली काउंटीनं कोर्टापुढं लिहून दिलं की गटारं दुरुस्त करू. काम खरंच गरजेचं होतं, त्यात वाद नाही. पण काम म्हटलं की कंत्राट आलं, कंत्राट म्हटलं की टक्का आला. कर्जरोखे काढले. मग बँकेचे लोक आले, म्हणाले, कर्ज फिरवून देतो, व्याज कमी पडेल. सरळ व्याजाच्या जागी असे करार केले की व्याज बाजारावर वरखाली होणार. गोदीत सावकार असतो ना, पगाराच्या दिवशी गेटावर उभा? तो तरी दर ठरवून देतो. इथं दर दर काही दिवसांनी नवा.

२००८ साली घरकर्जाचा फुगा फुटला. ज्या विमा कंपन्यांनी या कर्जरोख्यांची हमी घेतली होती त्यांची पत घसरली. रोखे घ्यायला कोणी येईना. तीन टक्क्यांच्या आसपासचं व्याज चढून दहा टक्क्यांपर्यंत गेलं. बर्मिंगहॅमच्या म्हातारीनं घरकर्जाचा जुगार खेळला नव्हता. पण तिच्या संडासाचं बिल त्या जुगाराला बांधलेलं होतं.

९ नोव्हेंबर २०११ ला जेफरसन काउंटीनं दिवाळं काढलं. एकूण देणं सुमारे ४२३ कोटी डॉलर, त्यातलं एकट्या गटाराचं ३१४ कोटी. तान्ह्या पोरापासून धरलं तर गटारापायी माणशी पावणेपाच हजार डॉलर. २०१३ साली डेट्रॉइट बुडेपर्यंत त्या देशातल्या स्थानिक सरकारांमधलं हे सगळ्यात मोठं दिवाळं.

आता कान देऊन ऐका, कारण पुढचं आपल्याला झोंबणारं आहे. हे करार झाले तेव्हा कमिशनचा अध्यक्ष कोण होता? लॅरी लँगफर्ड. काळा माणूस. पुढं बर्मिंगहॅमचा महापौर झाला. त्यानं कर्जाचा धंदा आपल्या दोस्त दलालाकडं वळवला आणि बदल्यात रोख पैसे, कपडे, दागिने मिळून सुमारे २ लाख ३५ हजार डॉलरची लाच घेतली. ऑक्टोबर २००९ मध्ये ज्यूरीनं दोषी धरलं, २०१० साली पंधरा वर्षांची शिक्षा झाली. गटाराच्या या सगळ्या भानगडीत वीसेक जणांना शिक्षा झाली.

आणि बँक? जेपी मॉर्गननं २००९ साली रोखे बाजाराच्या सरकारी नियंत्रकाशी तडजोड केली. साडेसात कोटी डॉलर भरले, करार मोडण्याचे ६४ कोटी ७० लाख डॉलर सोडून दिले, आणि दोष कबूल करायचा नाही, नाकारायचाही नाही. चोरी पकडली गेली की आमच्या गोदीत माणसाची झडती होते, त्याचं गेटपास जातं. बँकेचं गेटपास कोणी काढून घेतलं नाही.

मी हे लपवून ठेवणार नाही की लाच खाणारा काळा होता. लपवायचं कशाला? आपल्याकडंही निळा झेंडा खांद्यावर घेऊन कंत्राटदाराच्या गाडीत बसणारे कमी नाहीत. आपला माणूस खुर्चीवर बसला एवढ्यानं आपलं भागत नाही. त्यानं सही कुठल्या कागदावर केली ते बघायला पायजे. लँगफर्डनं कपडे घेतले ते त्याच्या अंगावर दिसत होते. करार मात्र लोकांना दिसला नाही. खरी चोरी त्या करारात होती.

आता बघा, दिवाळ्यात कात्री कुठं लागली. काउंटीत नोकरी करणाऱ्यांच्या पगारावर एक कर होता. काउंटीचा मोठा आधार. मार्च २०११ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टानं तो रद्द ठरवला. दुसरा कर लावावा तर काउंटीला तो हक्कच नाही, राज्याच्या विधिमंडळाकडं हात पसरायचा. विधिमंडळानं हात झटकले. हा हक्क का नाही? कारण अलाबामाची १९०१ ची घटना. ती बनवणाऱ्यांनी उघड सांगितलं होतं की गोऱ्यांचं राज्य कायद्यानं पक्कं करायचंय. काळ्यांची मतं त्यांनी काढून घेतली आणि सत्ता राजधानीत बांधून ठेवली. २०२२ साली लोकांनी मत देऊन त्या घटनेतली वंशवादाची भाषा खोडली. सत्तेची बांधणी पुष्कळशी तशीच राहिली. मनुस्मृती जाळली तरी गावाची रचना राहते, तसंच.

मग २०११ च्या उन्हाळ्यात पाचशेच्या वर कामगार घरी बसवले. उपनगरातल्या काउंटीच्या कचेऱ्या बंद केल्या. गाडीचा परवाना नवा करायचा तर शहरातल्या मोठ्या कोर्टाबाहेर तासन्‌तास रांग. आणि त्यानंतर हॉस्पिटल. कूपर ग्रीन मर्सी, १९७२ साली उघडलेलं, पैसे नसलेल्यांचं हॉस्पिटल. २०१२ साली कमिशननं तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की रुग्णांना दाखल करून घेणं बंद. वर्षअखेर खाटा बंद झाल्या, बाहेरून औषध घ्यायचा दवाखाना तेवढा राहिला. ज्यांनी स्वॅपचे करार केले त्यांच्या घरचं कोणी त्या खाटांवर कधी झोपलं असेल का?

डिसेंबर २०१३ मध्ये काउंटी दिवाळ्यातून बाहेर आली. बँकांनी काही रक्कम सोडली आणि उरलेल्यासाठी काउंटीनं पुन्हा सुमारे १७८ कोटी डॉलरचे नवे रोखे काढले. चाळीस वर्षांची फेड. गटाराचा दर पहिली चार वर्षं दरसाल ७.८९ टक्के वाढणार, त्यानंतर दरसाल ३.४९ टक्के. त्याआधीच बिल कित्येक पट झालेलं होतं. म्हणजे आज जे पोर जन्मलंय ते पोर मोठं होऊन त्या लाचेचं व्याज भरणार.

इथं पेपराची गोष्ट येते. बर्मिंगहॅम न्यूज हा त्या शहराचा रोजचा मोठा पेपर. काउंटी दिवाळ्यात होती, हॉस्पिटलच्या खाटा जात होत्या, नेमक्या त्याच साली, ऑक्टोबर २०१२ पासून, मालकांनी तो रोज छापणं बंद केलं. आठवड्यातून तीनच दिवस. मोबाइल आणि हंट्सव्हिल या शहरांतल्या भावंड पेपरांचंही तेच. बातमीदार घरी गेले. २६ फेब्रुवारी २०२३ ला छापील अंक कायमचा थांबला. ज्याच्या घरी इंटरनेट त्याच्या घरी बातमी. कमिशनच्या बैठकीत पाठीमागच्या खुर्चीवर वही घेऊन बसणारा माणूस कमी झाला की सही करणाऱ्याचा हात हलका होतो. हे समजायला मॅट्रिकही व्हावं लागत नाही.

पण त्या पेपराच्या नावानं मी रडणार नाही. १९६३ साली कुत्र्यांचे फोटो जगभर पहिल्या पानावर झळकले, तेव्हा याच पेपरानं आपल्या गावची ती बातमी आतल्या पानांत ढकलली. त्याच्याच फोटोग्राफरांनी काढलेले कितीतरी फोटो पेटीत पडून राहिले, ते २००६ साली छापले. चाळीस वर्षांवर! म्हणून काळ्यांना आपले पेपर काढावे लागले. बर्मिंगहॅम वर्ल्ड होता. १९६४ साली बर्मिंगहॅम टाइम्स निघाला.

आपलं काय वेगळं? ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी मूकनायक काढला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला केसरीनं नकार दिला होता. बातमी दाबायची सवय बर्मिंगहॅमची तशीच पुण्याची.

आणि बाबासाहेबांना आपण नुसते घटनेचं पुस्तक हातात धरून उभे केले. त्यांचं पहिलं शिक्षण सरकारी पैशाच्या हिशेबाचं. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर पुस्तक, १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर. कर कोणाकडून घेतला आणि कोणावर खर्च केला, हा माणूस हेच खोदत होता. महाडचंही तेच. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तळं सगळ्यांना खुलं असा ठराव केला. कागदावर. तीन वर्षं पाण्याला हात लागला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा ठराव खरा झाला, आणि ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेनं तो मागं घेतला. नगरपालिकेचा ठराव म्हणजे काय चीज असते ते आपल्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

आता मुंबई. इथं तर दिवाळंही नाही. आपल्या महापालिकेच्या मुदतठेवी २०२३-२४ च्या सुमारास ऐंशी हजार कोटींच्या वर होत्या. तरी कचरा उचलणारा कंत्राटी. २,७०० सफाई कामगारांना कायम करा हे सांगायला २०१७ साली सुप्रीम कोर्ट लागलं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढं तीन वर्षांहून जास्त काळ सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. इतकी वर्षं वॉर्डात प्रश्न विचारायला निवडून दिलेला माणूसच नव्हता. किती पेपरांनी रोज बोंब मारली?

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये हात धुवा म्हणून भोंग्यावर सांगत होते. नळ कुठाय, ते सांगत नव्हते. आमच्या भागातल्या एका दवाखान्यात आई रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायची. एक दिवस गेली तर दाराला कुलूप. कागद नाही, पाटी नाही. दोन तास पायरीवर बसून परत आली. जातपाहणी करायला सरकारकडं माणूस असतो, पण कुलपावर चिठ्ठी लावायला नसतो. बंद झाला एवढ्याचा मला राग नाही. कोणाला सांगावंसं वाटलं नाही, याचा आहे. ज्याची दखल घ्यायची नाही त्याला बातमीही द्यायची नाही, ही जुनी अस्पृश्यता आहे.

म्हणून आता कामाचं बोलतो. कविता करू, करायलाच पायजे. पण नुसत्या कवितेनं गटाराचं बिल कमी होत नाही.

एक, आपल्यातल्या दोघांनी वॉर्डाचं बजेट मिळवायचं आणि ते मराठीत, सोप्या भाषेत या अंकात छापायचं. माहितीचा अधिकार २००५ सालापासून आहे, अर्जाला दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दहा रुपयांत चहा पितो आपण.

दोन, वस्तीतले संडास, नळ, दवाखाने, शाळा यांची यादी करायची. काय चालू, काय बंद, कधीपासून. ती यादी दर महिन्याला भिंतीवर लावायची. फाडली तर पुन्हा लावायची. पोरींनी यात पुढं यावं. नळाची खरी बातमी त्यांच्याकडंच असते, पहाटे चार वाजता रांगेत त्याच असतात.

तीन, आपला म्हणून निवडून आलेला जो कोणी असेल त्याच्याकडं महिन्याला जायचं आणि विचारायचं, कुठल्या कागदावर सही केलीस? जयभीम म्हणाला म्हणून सोडायचं नाही.

बर्मिंगहॅमच्या लोकांना करार कळला तो बिल आल्यावर. आपल्याला तो सहीच्या आधी कळला पायजे. येत्या रविवारी यादीचं काम सुरू करायचंय. वही आणि पेन ज्याचं त्यानं आणावं.

जय भीम.