दुखणे आणि ताट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. सातवीपर्यंत शाळा झाली आणि पुढे संसार. पण चैत्रातल्या हळदीकुंकवाला गुडघेदुखीचा विषय निघाला, तेव्हा चौदा जणींपैकी अकरा जणींनी आपापले गुडघे, कंबर नि टाचा पुढे केल्या. चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही बऱ्या झालात ना, मग तुम्हीच सांगा." तर बरी झाले म्हणजे काय, ते आधी सांगते. दुखणे समूळ गेलेले नाही. पण चार वर्षांपूर्वी खाली बसले की उठायला मला भिंतीचा आधार लागे, तो आता लागत नाही. इतकेच.

तेव्हा मांड्या, नडग्या, कंबर असे सगळेच ठणकत असे. नडगीवर बोट दाबले तरी कळ येई. जिना चढताना पाय जड. 'वात आहे' असे सर्वांनी ठरवले आणि पथ्य सुरू झाले. आंबट म्हणून दही-ताक बंद झाले. वातूळ म्हणून उसळी आणि डाळी बंद झाल्या. मग कोणी सांगितले, वांगे, बटाटा, टोमॅटो सोडा, तेही सोडले. सासूबाईंनी हे मायेनेच सांगितले, त्यांना मी बोल लावत नाही. पण ताटात उरले काय? पोळी, भात, थोडी भाजी आणि चार वेळा चहा. शिवाय आठवड्याचे दोन उपवास, त्यात शेंगदाण्याचे कूट नि तूप घालून साबुदाण्याची खिचडी. वजन वाढून अडुसष्ट किलो झाले आणि अंगात ताकद मात्र नाही. जेवण भरपूर आणि पोषण कमी, असे होऊ शकते हे मला तोवर ठाऊक नव्हते.

दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या आठ महिने घेतल्या. पोटात आग पडू लागली तेव्हा डॉक्टरांकडे गेले. बाईच होत्या. त्यांनी कुठे दुखते हे नंतर विचारले, आधी विचारले, "काल सकाळपासून काय काय खाल्लेत?" मी सांगत गेले आणि सांगतासांगता मलाच लाज वाटली. रक्त तपासले तर ड जीवनसत्त्व फारच कमी, बी-बाराही कमी.

ड जीवनसत्त्व नसले तर खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. हाडे मऊ होतात, ठणकतात आणि स्नायू दुबळे होतात. बसल्या जागेवरून उठता न येणे हे त्याचेच लक्षण. हे जीवनसत्त्व अन्नातून फारच थोडे मिळते. ते कातडीवर ऊन पडून तयार होते. आपल्याकडे उन्हाची काय वाण! पण आपण असतो स्वयंपाकघरात, आणि बाहेर पडलो की पदर डोक्यावर. मी आता अकराच्या सुमारास गच्चीत पाय आणि दंड उघडे टाकून धान्य निवडत बसते. सुरुवातीला शेजारच्या हसल्या, हल्ली दोघी येऊन बसतात.

कमतरता भरून काढायला मात्र ऊन पुरले नसते. डॉक्टरीणबाईंनी आठवड्याला एक अशा आठ पुड्या दिल्या. इथे एक सांगते. माझी उरलेली पुडी मागायला तिघी जणी आल्या होत्या, मी दिली नाही. हे जीवनसत्त्व जास्त झाले तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. तपासल्यावाचून घेऊ नये.

आता बी-बारा. ते भाजीपाल्यात नसतेच. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतच असते. म्हणजे मी शाकाहारी, आणि ज्या दह्या-ताकातून ते मिळायचे तेच पथ्य म्हणून सोडलेले! हातापायांना मुंग्या येत त्या यामुळे. ताकाने सांधे आखडतात याला काही आधार नाही, असे बाईंनी स्पष्ट सांगितले. वांग्या-टोमॅटोचेही तसेच, एखादीला खाल्ल्यावर खरोखर त्रास होत असेल तर तिने पंधरा दिवस सोडून पाहावे, पण सरसकट सर्वांनी नव्हे.

कॅल्शियम बाईमाणसाला दिवसाला एक हजार मिलिग्रॅम लागते, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितले आहे. एक पेला दुधात सुमारे अडीचशे मिळते. माझे माहेर कोकणातले, लहानपणी नाचणी रोज खाल्ली आणि लग्नानंतर 'काळी भाकरी' म्हणून सोडली. त्या नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असते. गहू-तांदळात त्याच्या पासंगालाही नाही. शेवग्याचा पाला आपण टाकून देतो, त्यातही भरपूर. पालकात असते पण ते अंगी लागत नाही, त्यातले दुसरे द्रव्य त्याला बांधून ठेवते. तीळ पॉलिश न केलेले घ्यावेत.

वजनाचे मला सर्वांत अवघड गेले. वजन एक किलो उतरले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. हे ऐकल्यावर मी तेलाची बरणी मोजायला घेतली. चार माणसांना महिन्याला पाच किलो तेल लागत होते! आता दोन किलोंत भागवते. पहिले दोन महिने घरात रोज कुरकुर. "भाजीला काही चवच नाही," असे आमच्या घरच्यांनी ताट सरकवून म्हटले, तेव्हा मी रडलेसुद्धा. मग फोडणीत तेल कमी आणि खोबरे-लसूण जरा जास्त, असे जमत गेले. दीड वर्षात सहा किलो उतरले. उपवास सोडले नाहीत, पण साबुदाण्याऐवजी वऱ्याचे तांदूळ, राजगिरा आणि दही घेते. दोन्ही वेळा वाटीभर डाळ किंवा उसळ खातेच. स्नायू प्रथिनांवर पोसतात, आणि गुडघ्याला सांभाळतात ते स्नायूच.

हळदीविषयी सगळ्या विचारतात. स्वयंपाकातली हळद चांगलीच आहे. पण तिच्यातला जो गुणकारी अंश म्हणतात तो शंभरात दोन-तीन भाग, आणि तोही अंगात फारसा शोषला जात नाही. दुधात चमचाभर घालून सांधेदुखी जाईल असे धरून बसू नये. अर्काच्या गोळ्या तर मोबाईलवर वाचून मुळीच आणू नयेत. त्यांनी काही जणांच्या यकृताला इजा झालेली आहे.

आता जे सांगायचे आहे ते माझ्या चुकीचे आहे. मला गुण आला आणि मी शहाणी झाले. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या जावेची बोटे दुखू लागली. वय छत्तीस. दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजत, आणि सकाळी उठल्यावर दहा वाजेपर्यंत मूठ वळत नसे. ती डॉक्टरांकडे निघाली होती. मी म्हटले, "अगं, कशाला? माझे नाही का खाण्याने बरे झाले?" तिला नाचणी दिली, ताक दिले, उन्हात बसवले. सात महिने. तिने माझा शब्द मोडला नाही. तोवर उजव्या हाताची दोन बोटे वाकली होती.

तिचे दुखणे मुळात निराळे. त्यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटते, आणि पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झाले तर सांधे वाचतात. वाकलेले बोट मग कशाने सरळ होत नाही. आता तिला आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे; ती रोज घेतली तर घातक, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी स्वतः खूण करते. सूज उतरली आहे. ती मासे खाते, म्हणून बांगडा नि तारली आठवड्यातून दोनदा खायला सांगितली आहे. त्यांतल्या तेलाने सूज थोडी कमी राहायला मदत होते. पण औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नव्हे. म्हणून सकाळी तासभर सांधे आखडत असतील, दोन्हीकडे सुजत असतील, ताप येत असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल, तर माझ्या ताटाचे ऐकू नका, त्याच आठवड्यात दवाखान्यात जा.

हे सारे मी तिला विचारून बोलते आहे. ती तिकडे दाराशी बसली आहे. तिला म्हटले, सांगू का? तर म्हणाली, "सांगा जाऊबाई, पण माझे नाव घेऊ नका."

बाहेर टोपलीत नाचणीच्या भाकऱ्या आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी ठेवली आहे. भाकऱ्या मी थापल्या आहेत. तिला अजून थापता येत नाहीत, पण तव्यावरून उलटल्या तिनेच. ताकाचे पातेले उजव्या हाताला आहे, पेले स्वतःचे घ्या.