माळ्यावरची मुखपृष्ठे

पावसाळा सरला, भात झोडून झाले की आपल्या रत्नागिरीकडच्या घरांतून माळा साफ करण्याचे काम निघते. फुटक्या कणग्या खाली येतात, मोडका पाळणा येतो, आणि सगळ्यात शेवटी एक गंजलेली ट्रंक येते. उघडावी तो आत जुने मासिकांचे अंक. ओलसर वास, पिवळी पाने, कुठे कसर लागलेली. घरातले कुणीतरी म्हणते, “रद्दीच ती. बंबात घाला.” आज मला एवढेच सांगायचे आहे की बंबात घालण्यापूर्वी अंकाचे वरचे पान एकदा नीट पाहा.

वरचे पान म्हणजे मुखपृष्ठ. त्याचे एवढे काय, असे तुम्ही विचाराल. दूरदर्शन घरोघर येण्यापूर्वीचा काळ आठवून पाहा. खेड्यातल्या घरात रंगीत चित्र यायचे ते मुख्यतः दोन वाटांनी. एक भिंतीवरच्या कॅलेंडराची आणि दुसरी मासिकाच्या मुखपृष्ठाची. मुंबईचा चाकरमानी गणपतीला गावी येताना दोनचार अंक पिशवीत घालून आणी, आणि तेवढ्यावर सारी वाडी वर्षभर पोसली जाई. आमच्या आज्या-मावश्यांनी चित्रांचे प्रदर्शन कधी पाहिले नसेल, पण दलाल आणि मुळगावकर ही नावे त्यांना ठाऊक होती.

हे दोघेही गोमंतकाचे सुपुत्र. दीनानाथ दलाल 1916 साली मडगावात जन्मले. त्यांनी 1945 साली ‘दीपावली’ हा वार्षिक अंक सुरू केला आणि दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ ही वाट पाहण्याजोगी गोष्ट करून सोडली. 1971 साली ते गेले. रघुवीर मुळगावकर दोन वर्षांनी लहान. त्यांचे देवादिक आपल्या कित्येक घरांत आजही चौकटीत बसून हळदकुंकू घेत आहेत. पण त्याच हाताने बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठे काढली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एका भिंतीवर लक्ष्मी आणि उशीखाली झुंजार, आणि दोन्ही एकाच कुंचल्यातून उतरलेली! आहे की नाही गंमत?

हे चित्र छापले कसे जाई, तेही पाहण्यासारखे आहे. घरात भिंग असेल तर जुन्या मुखपृष्ठावर धरा. चेहरा नाहीसा होतो आणि उरतात नुसते ठिपके, रांगोळीचे असावेत तसे. पिवळा, तांबडा, निळा आणि काळा, असे चार रंग चार ठशांनी एकावर एक छापत. ठसा केसभर सरकला तर ओठांचा रंग गालावर जाई. असे सरकलेले मुखपृष्ठ हाती आले तर हसू नका. छापखान्यातल्या कामगाराची ती खूण आहे.

मुलांच्या वाट्याला दुसरा खजिना आला. मद्रासहून निघणाऱ्या ‘चांदोबा’ची मराठी आवृत्ती 1952 साली सुरू झाली. झाडावरचे प्रेत खांद्यावर टाकून निघालेला विक्रम राजा डोळ्यांपुढे आला की शंकर या चित्रकाराचे चित्रच आठवते. पुढे 1964 पासून इंद्रजाल कॉमिक्स निघू लागली आणि काही काळातच ती मराठीतही आली. त्यांचा नायक मूळचा अमेरिकन, पण मराठीत त्याचे नाव ठेवले ‘वेताळ’. आता आपल्या कोकणातल्या मुलाला वेताळ म्हणजे आरवलीचा वेतोबा, ज्याला केळी आणि भल्यामोठ्या चपला वाहतात तो. आणि इथे घट्ट कपड्यांतला, तोंडावर मुखवटा चढवलेला वेताळ घोड्यावरून दौडतो आहे! माझा तर लहानपणी बरेच दिवस गोंधळ होता. वेताळ रात्रीचा गावभर फिरतो म्हणतात, तो या घोड्यावरूनच का, असे मी आजीला विचारल्याचे आठवते.

विज्ञानकथांचेही असेच. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कथा मराठी मुलांपुढे आणल्या. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने अद्भुताची गोडी लावली. 1974 साली जयंत नारळीकरांनी टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि ती पहिली आली. तिकडे अमेरिकेत विज्ञानकथांना वाहिलेले ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक 1926 च्या एप्रिलमध्ये निघाले. त्याच्या पहिल्या मुखपृष्ठावर फ्रँक पॉल या चित्रकाराने बर्फावर घसरणारी माणसे आणि मागे कडीसकट शनी ग्रह रंगवला होता. आत कथा होती त्याच ज्यूल व्हर्नची. उद्याचे जग कसे असेल याबद्दल माणसे काय स्वप्ने पाहत होती, हे कळायला अशा चित्रांइतका चांगला साक्षीदार नाही.

त्या देशात जुनी कॉमिक्स जमवण्याचा मोठाच छंद आहे. 1938 साली दहा सेंटला मिळणारा, सुपरमॅनची पहिली कथा असलेला एक अंक 2024 च्या एप्रिलमध्ये साठ लाख डॉलरला विकला गेला. एवढी किंमत का? महायुद्धाच्या काळात तिथे रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा झाल्या, आयांनी मुलांची पुस्तके टाकून दिली, आणि हजारोंनी छापलेल्या अंकांतले मोजकेच उरले. टाकणाऱ्यांनीच ठेवणाऱ्याच्या अंकाला मोल आणले. आपल्या अंकांना असा भाव येईल म्हणून मात्र कोणी ट्रंका उघडू नयेत. मी पैशांचे बोलत नाही.

मी बोलतो आहे ते माझ्याच एका चुकीमुळे. माझे थोरले काका मुंबईत गिरणीत होते. दर गणपतीला फुटपाथवरचे जुने दिवाळी अंक घेऊन यायचे. सहावी-सातवीत असताना मला चित्रांचे वेड लागले. कात्री घेतली, साठसत्तर अंकांची मुखपृष्ठे कापली आणि खळ करून वहीत चिकटवली. उघडेबोडके अंक त्या उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्यांत गेले. पुढल्या पावसाळ्यात वही उघडली तर खळीच्या वासाने झुरळे आणि कसर आत शिरलेली. चित्रांची चाळण झाली होती. काकांनी ती वही हातात घेतली, एक पान उलटले आणि विचारले, “हे कुठल्या सालचं रे?” मला सांगता येईना. साल आतल्या पानावर होते, आणि ते पान गेले होते. काका रागावले नाहीत. म्हणाले, “चित्र ठेवलंस आणि अंक मारलास.” काका आज नाहीत, पण ते वाक्य अजून टोचते.

पुढे अभ्यासासाठी वाचनालये धुंडाळली तेव्हा उलटा प्रकार दिसला. वर्षाचे बारा अंक एकत्र बांधताना बांधणीवाल्याने मुखपृष्ठे आणि जाहिराती काढून टाकलेल्या. मजकूर शाबूत, चेहरा नाही. मी घरी चेहरा ठेवून देह टाकला, तिथे देह ठेवून चेहरा टाकला. त्यात कुणाची दुष्ट बुद्धी नव्हती. ते जपण्यासारखे आहे असे कुणाला वाटलेच नाही, इतकेच. रत्नागिरीत 1828 पासून वाचनालय आहे. वाचनाची एवढी जुनी परंपरा असलेल्या जिल्ह्याने तरी आता हे मनावर घ्यावे.

मग करावे काय? अंक अख्खा ठेवा, कापू नका. गंजलेल्या पिना अलगद काढा. आपल्या दमट हवेत त्याच कागद खातात. फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नका, तिचा तपकिरी डाग पुन्हा निघत नाही. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नका, आत ओल कोंडते. प्लॅस्टिकचे आवरण वितळवून चढवणे तर नकोच. उन्हात टाकू नका, सावलीत वारा द्या. आपले वाडवडील पोथ्या सुती फडक्यात बांधून त्यात वेखंडाचा तुकडा ठेवीत, ती रीत आजही उत्तम. आणि बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नसावे.

शिक्षक मित्रांना एक विनंती. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांना घरचे जुने अंक एक दिवसापुरते शाळेत आणायला सांगा. प्रत्येक अंकासोबत कागदाची चिठ्ठी करा: नाव, महिना, साल, कोपऱ्यातल्या सहीवरून चित्रकार आणि अंक कुणाच्या घरचा. मग ते सालवार मांडा. 1957 साली पहिला उपग्रह आकाशात गेला, 1969 साली माणूस चंद्रावर उतरला. त्याआधीची आणि नंतरची चित्रे शेजारी ठेवा आणि काय बदलले ते मुलांनाच शोधू द्या. मोबाइलवर प्रत्येक मुखपृष्ठाचे छायाचित्र घ्या, आणि संध्याकाळी ज्याचा अंक त्याच्या घरी परत पाठवा.

उद्या कुणाच्या माळ्यावरून अशी ट्रंक उतरली आणि घरच्या मुलाने विचारले, “हे कुठल्या सालचं?” तर तुम्हाला आतले पान उघडून सांगता यावे. मला ते सांगता आले नव्हते.