खेड्यातील गॅरेज
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर साहित्यिकांनी आणि विद्वानांनी बोलावे, हा रिवाज आहे. आम्ही या परमुलुखात जवळजवळ चाळीस वर्षे मोटारदुरुस्तीचे गॅरेज चालविले. निवृत्तीनंतर इंग्लंडमधील खेड्यांतल्या गॅरेजवाल्यांच्या आठवणी वाचण्याचा आम्हांस छंद लागला. आमच्या जातीची माणसे तेथे कशी जगली, हेच आज सांगावयाचे आहे.

तसे हे नाते नवे नव्हे. ज्या अँबॅसडरखाली आमचे हात काळे झाले, ती मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. १९५७ च्या सुमारास ती कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे तयार होऊ लागली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. ज्याच्या नावाने ती गाडी ओळखली जाई, तो विल्यम मॉरिसही मूळचा सायकली दुरुस्त करणारा. १८९३ साली, पुरती विशीही गाठलेली नसताना, त्याने ऑक्सफर्डमध्ये राहत्या घरीच हे काम सुरू केले होते.

इंग्लंडच्या खेड्यातील गॅरेज पुष्कळ ठिकाणी लोहाराच्या भट्टीतून जन्मले. घोडे कमी झाले, नालांचे काम आटले, तेव्हा लोहाराच्या मुलाने सायकली हाती घेतल्या आणि मग मोटारी. प्रारंभी पेट्रोल दोन गॅलनांच्या डब्यांतून विकले जाई. रस्त्याच्या कडेचा तेथील पहिला पेट्रोलपंप ऑटोमोबाईल असोसिएशनने १९१९ साली ऑल्डरमास्टन येथे उभारला. पुढे गावोगावी लोहारशाळेच्या दारातच पंप उभे राहिले.

या गॅरेजवाल्याचे काम मोटारीपुरते कधीच नव्हते. खेड्यात वीज पोचण्यापूर्वी रेडिओ बॅटरीवर चालत; त्या बॅटऱ्या चार्ज करून देणे हे त्याचेच काम. लग्नाला गाडी न्यावयाची, आजाऱ्याला इस्पितळात पोचवावयाचे, तर तोच चालक. सुगीच्या दिवसांत शेतात ट्रॅक्टर अडला, की ताटावरून उठून जावयाचे, कारण पाऊस कोणासाठी थांबत नाही. हिवाळ्यात रेडिएटरमधील पाणी गोठून इंजिन तडकू नये, म्हणून रात्री पाणी काढून टाकावयाचे आणि बॉनेटवर जुनी घोंगडी पसरावयाची.

दुकान पुढे आणि घर मागे किंवा माडीवर. त्यामुळे कामाचे तास आणि घरचे तास वेगळे राहतच नसत. नवरा गाडीखाली असला, की हातातील काम टाकून बायको पंपावर येई. हिशेबाच्या वह्याही बहुधा तिच्याच. मुलांना पान्ह्यांचे आकडे पाढ्यांआधी येत. रात्री अपरात्री दाराची घंटा वाजली, तर कोणीतरी उठेच. हे सर्व वाचताना आम्हांस आमचेच घर आठवले. पुढच्या खोलीत स्पेअर पार्ट आणि मागच्या खोलीत पोळ्या! पाटीवर नाव एकट्या पुरुषाचे असे. गॅरेज मात्र सारे कुटुंब चालवी.

महायुद्धाने या घराची परीक्षा पाहिली. सप्टेंबर १९३९ पासून मे १९५० पर्यंत इंग्लंडमध्ये पेट्रोलचे रेशनिंग होते. युद्ध संपल्यावरही पाच वर्षे कुपने मोजणे चुकले नाही. १९४८ साली व्यापारी गाड्यांच्या पेट्रोलला लाल रंग देण्यात आला. खाजगी गाडीच्या टाकीत तो सापडला तर खटला. सुवेझच्या पेचप्रसंगामुळे डिसेंबर १९५६ ते मे १९५७ या काळात पुन्हा रेशनिंग आले.

याहून अवघड प्रसंग १९६० साली आला. दहा वर्षांहून जुन्या मोटारींची सरकारी तपासणी सुरू झाली आणि ती करण्याचा अधिकार खाजगी गॅरेजांनाही मिळाला. १९६७ साली ही मर्यादा तीन वर्षांवर आली. आता विचार करा: ज्या शेजाऱ्याबरोबर रोज बसावयाचे, त्याच्याच गाडीचे ब्रेक नापास ठरवावयाचे! पास केले तर रस्त्यावर कोणाचा जीव जाईल, नापास केले तर गिऱ्हाईक आणि स्नेह दोन्ही जातील. शेजारधर्म आणि कारागिराचा धर्म यांतील हा झगडा खेड्यात जितका तीव्र, तितका शहरात नसतो. शहरात गिऱ्हाईक अनोळखी असते. खेड्यात ते उद्या पुन्हा दारासमोरून जाणार असते.

१९६३ च्या बीचिंग अहवालानंतर अनेक खेड्यांची रेल्वे बंद झाली आणि मोटार ही चैन न राहता गरज झाली. गॅरेजवाल्याचे दिवस आता पालटणार असे वाटावे, तोच दुसरीकडून ओहोटी लागली. प्रथम स्वतः पेट्रोल भरावयाचे पंप आले, पुढे मोठ्या बाजारांचे स्वस्त पेट्रोल आले. जमिनीखालील टाक्या बदलण्याचा खर्च झेपेना, गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा शिरली, आणि मुले शिकून दूर गेली. १९६० च्या दशकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये सुमारे ४०,००० पेट्रोलपंप होते. आज ९,००० सुद्धा नाहीत. अनेक गॅरेजांच्या जागी घरे उभी आहेत. पेट्रोल दूरवर का होईना, मिळते. गाव मुकले ते रात्री दार उघडणाऱ्या माणसाला.

मग या माणसांची आठवण उरली कशी? १९५६ साली जॉर्ज एवर्ट एव्हान्स यांनी सफक परगण्यातील ब्लॅक्सहॉल गावच्या वृद्ध कष्टकऱ्यांच्या तोंडची हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. १९६५ साली तेथील विमेन्स इन्स्टिट्यूट या ग्रामीण स्त्रियांच्या संस्थेचा सुवर्णमहोत्सव झाला. त्या निमित्ताने गावोगावच्या स्त्रियांनी आपल्या गावाच्या चालू जीवनाच्या चिकटवह्या तयार केल्या. दुकाने, भाव, कपडे, रोजची कामे, सारे त्यांत आले. आज इतिहासाचे अभ्यासक त्या वह्या आदराने उघडतात.

बंधुभगिनींनो, आपलाही हा सुवर्णमहोत्सव आहे. या ग्रंथात अध्यक्षांची छायाचित्रे आणि गणेशोत्सवांचे वृत्तांत अवश्य असावेत. परंतु या मुलुखात प्रथम आलेल्या मराठी फिटरने, कारकुनाने, शिक्षिकेने, खानावळ चालविणाऱ्या वहिनींनी दिवस कसे काढले, हे कोण लिहिणार? त्यांपैकी काही जण आज या सभागृहात बसले आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन जावे, चहा घ्यावा आणि विचारावे. पुढच्या महोत्सवापर्यंत थांबू नये, एवढीच आमची विनंती आहे.