हॅगिस, वजडी आणि २५ जानेवारीची रात्र

आज जेवणाबद्दल बोलायचंय, आणि थोडं पिण्याबद्दलही. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात. ज्यांची झाली नसतील त्यांनी फक्त जेवणापुरतं ऐका.

दर वर्षी २५ जानेवारीला स्कॉटलंडमध्ये, आणि जिथं जिथं स्कॉटिश माणूस पोचलाय तिथं, ‘बर्न्स सपर’ होतं. रॉबर्ट बर्न्स हा त्यांचा लाडका कवी. १७५९ साली याच तारखेला शेतकऱ्याच्या घरात जन्मला, ३७व्या वर्षी गेला. त्यानंतर पाच वर्षांनी, १८०१ मध्ये, त्याचे काही मित्र ॲलोवे गावी त्याच्या जन्मघरात जेवायला जमले आणि तिथून ही प्रथा पडली. त्या पहिल्या जेवणात काय होतं माहितीये? हॅगिस आणि मेंढीची मुंडी. व्हिस्कीवर प्रेमानं लिहिणारा हा माणूस पोटासाठी नोकरी कुठं करायचा, तर दारूवरचा कर गोळा करणाऱ्या खात्यात! म्हणजे आपल्याकडचं राज्य उत्पादन शुल्क समजा.

आता हॅगिस. मेंढीचं काळीज, हृदय आणि फुप्फुस बारीक चिरायचं, त्यात ओटची भरड, कांदा, चरबी, मिरी घालायची, आणि हे सगळं मेंढीच्याच पोटाच्या पिशवीत भरून शिजवायचं. चांगलं मांस धन्याकडं गेल्यावर गरिबाच्या हाती जे उरतं, त्याचं हे जेवण. बर्न्सनं १७८६ मध्ये या पदार्थावर कविता लिहिली. तिच्यात हॅगिसला मानानं हाक मारलीय आणि फ्रेंच पद्धतीच्या नाजूक पदार्थांची टर उडवलीय. आजही सपरला हॅगिस ताटात घालून, पुढं बॅगपाइप वाजवत, मिरवत आणतात. सगळे उभे राहतात. एकजण कविता म्हणतो आणि ठरलेल्या ओळीवर सुरी खुपसतो.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपली वजडी आठवली. आमच्या शहरात काही घरांत तिला बोटी म्हणतात. चुना लावून, गरम पाण्यानं खरवडून, तासभर धुवायची. मग लसूण, काळा मसाला घालून शिजवायची. हॅगिसची सख्खी बहीणच ती. पण आपल्याकडं वजडीसाठी कोण उभं राहतं? उलट ती कुणाच्या घरी शिजते यावरून माणसाची जात ओळखायची, ही आपली रीत. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाचं खाणं त्यात पाककृतींसकट लिहून ठेवलंय. ते नाव नीट ऐका, त्यातला ‘अ’ फार महत्त्वाचा आहे. पूर्णब्रह्मात या ताटाला जागाच नव्हती. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी मिळवून वाचा.

आम्ही सहा-सात मित्र गेली काही वर्षं इथं संभाजीनगरात हे सपर करतो. हॅगिस इथं मिळत नाही, आणि मिळालं तरी डब्यातलं कशाला खायचं? म्हणून वजडी. पहिल्या वर्षी एकजण म्हणाला होता, “अरे, नान-खलिया आणू की, शहराची शान आहे ती. वजडी काय पाहुण्यांपुढं ठेवायची?” त्यावर आमचा दुसरा मित्र शांतपणे म्हणाला, “आमच्या आईनं ती आयुष्यभर पाहुण्यांपुढंच ठेवली. फक्त शाळेत डब्यात नेऊ दिली नाही.” कुणी काही बोललं नाही. त्या वर्षी वजडीचं पातेलं त्यानंच आणलं, आणि आम्ही सगळे खरंच उभे राहिलो. बॅगपाइप नव्हता, हलगी होती.

आता कशासोबत काय. सुरुवात हुरड्यानं. जानेवारी म्हणजे हुरड्याचा हंगाम, आणि गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेल्या कणसाला जो धूर लागतो ना, त्याला धुराचीच व्हिस्की शोभते. स्कॉटलंडच्या आयला बेटावर बार्ली वाळवताना पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत शेकडो वर्षं कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो धूर दाण्यात मुरतो आणि बाटलीपर्यंत येतो. सोबत शेंगदाण्याची चटणी, तिखट कमी.

तिखटाचं एक लक्षात ठेवा: अल्कोहोलनं मिरचीचा जाळ वाढतो. वजडीसोबत व्हिस्की घ्यायची तर तिच्यात पाणी घाला, निम्म्याला निम्मं घातलं तरी चालेल. “नीटच प्यायची” वगैरे शेखी बाजूला ठेवा. मला इथं भारतीय सिंगल माल्ट जास्त आवडते. बेंगळुरूची ‘अमृत’ २००४ मध्ये आधी ग्लासगोत विकायला ठेवली गेली, म्हणजे थेट त्यांच्याच अंगणात. आपल्या उन्हात पिंपातली व्हिस्की फार लवकर उडते. तिकडं वर्षाला दोनेक टक्के, इकडं दहाच्या पुढं. पण म्हणूनच ती लवकर मुरते आणि मसाल्यापुढं टिकते. नान-खलियाही असतोच हो, भांडण नाही त्याच्याशी! त्याला शेरीच्या पिंपातली गोडसर माल्ट. शेवटी त्यांच्या क्रॅनाकनच्या धर्तीवर साय, मध आणि भाजलेली बाजरीची भरड. यासोबत काही पिऊ नका, नुसतं खा.

परवाना काढून ठेवा, आणि घड्याळाकडं लक्ष असू द्या. दुसऱ्या दिवशी २६ जानेवारी, म्हणजे ड्राय डे. आम्ही अकरालाच बाटली कपाटात ठेवतो आणि बर्न्सची माणसाच्या समतेवरची १७९५ची कविता वाचतो. १९९९ मध्ये स्कॉटलंडची संसद सुरू झाली तेव्हा तीच गायली होती. आमच्याकडं ती वाचून होते आणि तासाभरात प्रजासत्ताक दिन लागतो.

पुढच्या वर्षी रक्ती करायचं ठरलंय. तिच्यासोबत कुठली व्हिस्की जाईल यावर आमचं अजून एकमत नाही. तुम्हाला काही सुचत असेल तर कळवा.