हुकूमशाहीलाही सह्या लागतात

(दापोडीतील महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



हुकूमशाही म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रणगाडे येतात, संसदेला लागलेलं कुलूप येतं. आपल्याकडे १९७५ साली यातलं काही झालं नाही. संसद भरत होती, न्यायालयं चालू होती. आणीबाणी टिकली ती याच संस्थांच्या आधाराने.

क्रम पाहा. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीवर सही केली. मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळवलं, त्यांनी मान डोलावली. जुलैत संसदेने मंजुरी दिली, तेव्हा विरोधी पक्षांचे अनेक खासदार तुरुंगात होते. पुढे लोकसभेने स्वतःचीच मुदत वाढवून घेतली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला, की स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी कोर्टात दाद मागता येणार नाही. विरोधात गेले ते एकटे न्यायमूर्ती खन्ना. नंतर त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं.

प्रत्येक पायरीवर ठराव आहे, कलम आहे, सही आहे. त्याचा सत्ताधाऱ्याला फायदा काय? जुलमाची जबाबदारी वाटली जाते. शिपाई म्हणतो, वरून हुकूम आहे. अधिकारी म्हणतो, कायदा आहे. आमदार म्हणतो, पक्षाचा आदेश आहे. शिवाय नाराज पुढाऱ्याला तिकिटाची, मंडळाची आशा राहते, मग तोही गप्प बसतो.

हे आपल्या शरीरापर्यंत पोचलं होतं. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक १९७६ साली आपल्या महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं! राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायदा झालं नाही. एका सहीवाचून अडलं. सही न होण्यातही केवढी ताकद असते, ते इथे दिसतं.

त्या काळात महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते तुरुंगात होत्या. प्रमिलाताई तर इथून जवळच, येरवड्यात. मृणालताई आमदार होत्या, तरी सुटल्या नाहीत. १९७७ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली आणि मृणालताई व अहिल्याताई लोकसभेवर निवडून आल्या. जी मतपेटी सत्तेला साज म्हणून हवी होती, तिनेच सत्ता घालवली.

आता आपल्या दारातलं बोलू. पिंपरी-चिंचवड महापालिकेत मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत एकही नगरसेवक नव्हता. प्रशासकच सभा, प्रशासकच स्थायी समिती. १२८ जागांपैकी निम्म्या बायकांच्या, त्याही रिकाम्या. मी याला आणीबाणी म्हणत नाही. पण कार्यालय उघडं, शिक्के चालू आणि जाब विचारायला कुणी नाही, याची सवय लागणं धोक्याचं आहे.

म्हणून नुसतं मत देऊन घरी बसू नका. माहितीच्या अधिकारात सभेचं इतिवृत्त मागवा. ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, विरोध कुणी केला, ती नावं वस्तीत मोठ्याने वाचा. वाटून घेतलेली जबाबदारी पुन्हा ज्याच्या त्याच्या नावावर मांडायची, हे काम आपल्या गटांनी करायचं आहे.