परसबागेची वही

आपल्या अक्कलकोट भागात पंचांग उघडल्याशिवाय पेरणीचं बोलणं सुरू होत नाही. दाते पंचांग तर सोलापूरचंच. मृगाचं वाहन बेडूक की मेंढा, यावर पारावर तासभर चर्चा होते. पण गेल्या मृगात पाऊस किती झाला आणि परसात भेंडी कधी टोकली, हे विचारा. उत्तर येतं, ‘झाला होता की बरा!’

नक्षत्र कधी लागणार ते पंचांग सांगेल, आपल्या अंगणात ते किती बरसलं हे आपणच लिहायचं. बियाण्याच्या पाकिटावर जून-जुलै छापलेलं असतं. आपल्याकडचा भरवशाचा पाऊस मात्र सप्टेंबरचा, उत्तरा-हस्ताचा. २०२० साली तर ऑक्टोबरात, चित्रा लागल्यावर, बोरी नदीला पूर आला.

आता मिरचीचंच घ्या. पानं मुरडली की आपण ‘बोकड्या आला’ म्हणतो आणि औषधाच्या दुकानाकडे धावतो. आधी पान नीट बघा. कडा वर वळून होडीसारखं झालं असेल तर बहुधा फुलकिडे; कडा खाली वळल्या असतील तर कोळी. दोन्हींची औषधं वेगळी. म्हणून वहीत नुसतं ‘मिरचीवर रोग’ असं लिहून भागत नाही. ‘कडा वर, शेंड्याची पानं, आठवडाभर उघडीप, बोअरचं पाणी’ असं लिहा. आणि त्याच दिवशी शेजारी आपला अंदाजही लिहा. निकाल लागल्यावर लिहिलेला अंदाज कुणाचाच चुकत नाही!

कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचा ‘प्रयोग परिवार’ याच सवयीवर उभा राहिला. द्राक्षबागायतदार आपापल्या वेलींची निरीक्षणं टिपत आणि एकमेकांना कळवत. आपल्याकडे एवढंही नको, शेजारणीला वही दाखवली तरी पुष्कळ.

दुधाचे खाडे मांडतो त्या कॅलेंडरावरही नोंदी होतात, पण जानेवारीत ते रद्दीत जातं. मुलांच्या वहीची उरलेली कोरी पानं बरी. सासूबाईंची कानडी आणि सुनेची मराठी एकाच पानावर आली तरी काही बिघडत नाही.

न उगवलेलं बीही लिहा बरं का. पाकिटावरचा लॉट नंबर आणि मुदत छापलेला तुकडा कापून तिथेच चिकटवा. दुकानदारापुढे तक्रार घेऊन उभं राहाल, तेव्हा तोच दाखवता येतो.